पाहुण्याचं अंथरूण

२०२४ च्या हिवाळ्यात आमच्या घरी सहा आठवडे एक अजगर मुक्कामाला होता. हे फोनवर सांगितलं की समोरचा आधी गप्प होतो आणि मग विचारतो, "आईंनी ठेवू दिला?" नातेवाइकांना ही हकिकत तुकड्यातुकड्यानं सांगून झालीय, आत्याला तर तीनदा. आता एकदाची लिहूनच काढतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं "वाचा" म्हणता येईल :)

अजगर माझ्या भाच्याचा. अजगर म्हटलं की लोक दोन्ही हात पसरून लांबी दाखवतात, पण हा जेमतेम साडेतीन फुटांचा. जात बॉल पायथन, मूळ मुलूख पश्चिम आणि मध्य आफ्रिका. आपल्या अजगराचा लांबचा भाऊबंद, पण पूर्ण वाढला तरी चार-पाच फुटांचाच. विष नाही. घाबरला की चावण्याऐवजी डोकं आत घालून स्वतःचा चेंडू करून बसतो, म्हणून तर नाव बॉल. भाच्यानं त्याचं नाव ठेवलं होतं लाडू. त्याला पुण्यातली भाड्याची जागा सोडावी लागली, नवी जागा जानेवारीत मिळणार होती, मधले दिवस मित्राच्या खोलीवर काढायचे ठरले. मित्राला भाचा चालणार होता, लाडू नाही. ताईच्या सासरी तर विषयच काढायची सोय नव्हती. मग मामा आठवला.

आधीच सांगून टाकतो, कारण गावातल्या पोरांनीही पेटी बघितल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला, की मामा, आम्ही पण एक धामण धरून ठेवू का? नाही. आपल्याकडचा कुठलाही साप घरात पाळता येत नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर नाग आणि धामण दोघंही सगळ्यात कडक यादीत गेलेत. परदेशी जातींचं वेगळं आहे. त्यांची सरकारकडे 'परिवेश' या संकेतस्थळावर नोंद करावी लागते, २०२४ च्या फेब्रुवारीत त्याचे नियम निघाले. भाच्यानं नोंदीच्या कागदाची प्रत पेटीच्या काचेलाच चिकटवली होती. पोरांना मी ती दाखवली आणि वर हेही सांगितलं, की धामण ज्वारीच्या कणगीजवळचे उंदीर फुकटात खाते, तिला पेटीत घालून तुम्हीच तिला उंदीर आणून देणार, हा कुठला व्यवहार? हे मात्र पटलं. कायद्यापेक्षा जास्त पटलं.

आता आई. आमच्या घरात साप हा विषय निघत नाही. तिच्या धाकट्या भावाला लहानपणी पान लागलं आणि तो गेला, एवढंच आम्हा भावंडांना ठाऊक. त्यापुढं आम्ही कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. मात्र तेव्हापासून आजतागायत ती जमिनीवर झोपलेली नाही. बाज, आणि बाजेवर बारा महिने मच्छरदाणी. ती मच्छरदाणीची चारही टोकं गादीखाली खोचते आणि मग एकदा हात फिरवून बघते. डास असोत नसोत. त्यामुळं भाच्याचा फोन आला तेव्हा मी सरळ म्हणालो, आजीशी तू बोल. त्यानं काय जादू केली कोण जाणे. आईनं अटी घातल्या त्या तीन. झाकणाला कुलूप पाहिजे. पेटी तिच्या खोलीत नको. आणि दिवे लागल्यावर त्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणायचंच असेल तर लांबडं म्हणायचं. 'लाडू' हे नाव दिवे लागल्यावर चालतं का, यावर आजी-नातवाची बरीच चर्चा झाली. चालतं असं ठरलं.

नोव्हेंबरच्या शेवटी भाचा सोलापूरमार्गे लवाजमा घेऊन आला. चार फूट लांबीची काचेची पेटी, दोन लाकडी खोकी, पाण्याचं जड वाडगं, वायरींचा गुंता, आणि भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात सुती पिशवीत बांधलेला लाडू. निघण्याआधी दहा दिवस त्याला खायला दिलं होतं आणि इथं काही द्यायचं नव्हतं. हिवाळ्यात हे साप एरवीही कित्येकदा महिनोन् महिने अन्नाला तोंड लावत नाहीत. त्यातून प्रवासात किंवा गारठ्यात पोट भरलेलं असणं धोक्याचं, कारण त्यांना अन्न पचवायलाही बाहेरची ऊब लागते. ती नाही मिळाली तर पोटातलं तसंच राहून सडतं किंवा उलटून पडतं. आमच्या फ्रिजमध्ये उंदीर ठेवायचा प्रसंग टळला, हे माझ्या दृष्टीनं मोठंच काम झालं. आई माळकरी आहे.

पहिला प्रश्न खाली काय पसरायचं हा. भाच्यानं पुण्याहून काही आणलं नव्हतं, "मामा, गावाकडं काय कमी आहे" म्हणाला. खरंच कमी नव्हतं, पण चालेल असं काही सापडेना. सोयाबीनची गुळी होती ढिगानं, पण तिची धूळ नाकात जाते आणि ओलसर झाली की बुरशी धरते. उसाचं पाचट कडेला कापतं. सॉ मिलमधला भुसा मिळाला असता, पण तिथं बाभूळ, लिंब, साग, देवदाराची जुनी खोकी सगळं एकाच करवतीखाली जातं. देवदार-पाइनसारख्या वासाच्या लाकडाचा भुसा सापाला बाधतो, बंद पेटीत तो उग्र वास दिवसरात्र त्याच्या फुप्फुसात जातो. वाळू नको. शेतातली काळी माती तर नकोच, ओली झाली की चिखल आणि वाळली की दगड. वर्तमानपत्र चालतं, साफ करायलाही सोपं, पण ते ओल धरत नाही, आणि डिसेंबरात आमच्याकडची हवा अशी कोरडी, की ओठांबरोबर टाचाही फुटतात. या सापाला साठ टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो, नाहीतर कात एका तुकड्यात न निघता चिंध्यांसारखी अंगाला चिकटून राहते.

शेवटी रोपवाटिकेतून कोकोपीटची वीट आणली. नारळाच्या काथ्याचा दाबून केलेला भुसा. एरवी मिरचीची रोपं करायला आम्ही तो वापरतोच. पाच किलोची वीट घमेल्यात ठेवून पाणी घातलं, की ती फुगत फुगत घमेल्याबाहेर येते. तो ओला भुसा दोन दिवस उन्हात पसरला, वारंवार खालीवर केला. मूठ दाबली तर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी निघू नये, इतपत ओल ठेवायची. जास्त ओल राहिली तर पोटाच्या खवल्यांना जखमा होतात. आई लांबून बघत होती. म्हणाली, "भाकरीच्या पिठावानी बघायलास." तिचं या प्रकरणातलं हे पहिलं वाक्य.

ऊब देण्याचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा नाजूक निघालं. म्हणजे सामान साधंच. वीस वॉटची एक हीटिंग मॅट, पेटीच्या एका टोकाला काचेच्या खाली बाहेरून लावायची. वरून शंभर वॉटचा सिरॅमिकचा बल्ब, जो उजेड देत नाही, नुसती धग देतो. दोन्ही एकाच टोकाला. मॅटवर भुशाचा थर पातळ, दुसऱ्या टोकाला चांगला चार बोटं जाड, कारण जाड थरातून खालची ऊब वर येत नाही, मग मॅट तापत राहते आणि सापाला काहीच लागत नाही. पेटीला खाली छोटे पाय लावले, हवा खेळावी म्हणून, नाहीतर काच तडकते. मागच्या आणि दोन बाजूच्या काचांना बाहेरून थर्माकोल. जाळीच्या झाकणावर बल्बाची बाजू सोडून ओलं गोणपाट. आणि सगळ्यात महत्त्वाचा थर्मोस्टॅट. त्याची वायर मॅटला टेकवून ३२ अंशांवर लावला, म्हणजे त्याच्या वर गेलं की मॅट आपोआप बंद. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावणं म्हणजे तव्यावर बसवणं. आपल्याला चटका बसला की आपण हात काढतो, साप मात्र पोट भाजेपर्यंत तसाच बसून राहू शकतो. हे ऐकून मी रात्री दोनदा उठून आकडे बघायचो, बायको हसायची.

गरम टोकाला ३२, गार टोकाला २५-२६. दोन्ही टोकांना एकेक लाकडी खोकं, अंग जेमतेम मावेल एवढं. मी भाच्याला विचारलं, सगळी पेटी सारखी २९ वर ठेवली तर सोपं नाही का? तो म्हणाला, "मामा, तसं केलं तर तो मरणार नाही, पण त्याला काही करता येणार नाही." सापाच्या अंगात स्वतःची भट्टी नसते. आपण अंगातून ऊब काढतो, तो जागा बदलून काढतो. पचवायचं असेल, कात टाकायची असेल, नुसतं पडून राहायचं असेल, दर वेळी त्याला हवी ती ऊब वेगळी. आपण देतो ती ऊब नव्हे, दोन टोकांमधला फरक आपण देतो, मग सरकायचं काम त्याचं. पहिला आठवडाभर लाडू रात्री गरम खोक्यात आणि पहाटे गार खोक्यात दिसायचा. नंतर उलटं. कारण त्याचं त्याला माहीत.

यावरून मला वारूळ आठवलं. आफ्रिकेतल्या गवताळ माळांवर हे साप उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात राहतात. आपल्याकडच्या 'आयत्या बिळावर नागोबा' या म्हणीतला नागोबाही तेच करतो. घर वाळवीनं बांधायचं, राहायचं यानं. बाहेर ऊन असो की थंडी, वारुळाच्या पोटात गारवा-उबारा फारसा हलत नाही आणि ओलही टिकते. थोडं खाली गेलं की गार, वर सरकलं की ऊब. कोकोपीट, मॅट, थर्मोस्टॅट, थर्माकोल, ओलं गोणपाट अशी एवढी जुळवाजुळव करून आम्ही टेबलावर जे उभं केलं ते शेवटी एक वारूळच, फक्त विजेवर चालणारं आणि आतलं दिसणारं. (जाता जाता, बेनिन देशातल्या विदा गावात याच जातीच्या अजगरांचं देऊळ आहे. आपली नागपंचमी वर्षातून एकदा, त्यांच्याकडं रोजच.)

आमचं जुनं घरही असंच होतं. माळवदाचं. दोन-अडीच हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर तुळया, त्यावर लाकडं आणि मातीचा जाड थर. मे महिन्यात आत शिरलं की माठाजवळ गेल्यासारखं वाटायचं आणि जानेवारीत आत ऊब असायची. भिंतींच्या सांदीत उंदीर आणि उंदरांमागं लांबडं, हेही त्यातच आलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तोच मातीचा थर आणि तेच दगड लोकांच्या अंगावर आले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. लातूर आणि आमच्या जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. आमचा लोहारा-उमरगा भाग त्यात सापडला. त्या माळवदाबद्दल हळहळताना म्हणून जीभ अडखळते. आताचं घर स्लॅबचं आहे. सुरक्षित आहे, पण दुपारची धग रात्री अकरापर्यंत सोडत राहतं आणि पहाटे हाडं गोठवतं. डिसेंबरात अंगणात बारा आणि आत सतरा, हा माझ्या थर्मामीटरचा हिशेब. लाडूला मॅट लागली ती काही अंशी या स्लॅबमुळं.

डिसेंबरच्या मध्यावर डीपी जळाली. रब्बीची पाणी द्यायची धांदल, सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू, हे आमच्याकडं होतच असतं. नवी यायला दोन दिवस लागतील असं कळलं. पहिली रात्र इन्व्हर्टरवर निघाली. बल्ब बंद ठेवून फक्त मॅट चालवली, वीस वॉटला काय लागतं. दुसऱ्या रात्री साडेदहाला इन्व्हर्टरनं मान टाकली. गार टोकाला तेव्हा तेवीस होतं, बाराला एकवीस झालं. भाच्याचा दर दहा मिनिटांनी फोन. दोन रात्री गारठा लागला तर लगेच काही होत नाही, पण या सापांची छाती भरते, नाकातोंडातून फेस येतो, आणि सापाला औषध देईल असा डॉक्टर आमच्या तालुक्यात कुठून आणायचा?

मी चुलीवर पाणी ठेवलं. दोन बाटल्या भरल्या, टॉवेलमध्ये गुंडाळल्या. एवढ्यात आई उठून आली. मच्छरदाणी बाजूला करून, कंदील हातात घेऊन. तिनं विचारलं, "त्याला थंडी वाजायली का?" मी म्हणालो, हो. ती आत गेली आणि गुडघे शेकायची तिची रबरी पिशवी घेऊन आली. "हिच्यात भर. बाटलीपेक्षा ऊब धरती." मग तिची जुनी वाकळ आणली आणि स्वतः पेटीवर टाकली. वाकळ टाकताना ती काचेला पहिल्यांदाच इतकी जवळ आली होती. पिशवी मी पेटीत मधोमध ठेवायला लागलो तर म्हणाली, "मधी नको. एका अंगाला ठेव. नको झालं तर सरकाया जागा पाहिजे का नको?"

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, करडाला नाही का आपण असंच करत. थंडीत व्यालेल्या शेळीचं करडू शेगडीजवळ ठेवतात, पण बांधून नाही ठेवत. आयुष्यभर तिनं उस्मानाबादी शेळ्या सांभाळल्यात (जिल्हा २०२३ पासून धाराशिव झाला, शेळीचं नाव कोण बदलणार?). भाच्यानं मला अर्धा तास समजावलेलं ती एका वाक्यात बोलून गेली.

पाणी दर दोन तासांनी बदलायचं होतं, म्हणून आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. तेव्हा ती बोलली. मी तिला मधे काहीही विचारलं नाही.

ती अकरा वर्षांची, भाऊ सातचा. भाद्रपद होता. माळवदाच्या घरात ओसरीवर एकाच वाकळेवर झोपलेले, तो तिच्या अंगाला अंग लावून, कारण त्याला थंडी वाजायची. मध्यरात्री तो उठून म्हणाला, अक्का, पोटात दुखतंय. आईनं त्याला ओवा दिला. अंगावर कुठं सूज नाही, चावल्याची खूण नाही. थोड्या वेळानं म्हणायला लागला, डोळे उघडत नाहीत. तिला वाटलं झोप आलीय. तिनंच त्याला परत कुशीत घेतलं, पांघरूण घातलं, झोप म्हणाली. घरच्यांना पान लागल्याचं कळलं ते पहाटे, वाकळ उचलल्यावर खालून मण्यार निघाली तेव्हा. मारुतीच्या देवळात नेलं. उजाडायच्या आत तो गेला.

मण्यारीचं हे असंच असतं. रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. ना दुखणं, ना सूज. पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास घेणारे स्नायू थांबतात. झोपेतून उठून कुणी पोटदुखी आणि मिटणारे डोळे सांगत असेल, तर खूण शोधत बसू नये, थेट मोठ्या दवाखान्यात न्यावं, जिथं सापाच्या विषाची लस आणि श्वासाचं यंत्र दोन्ही आहे. आणि बाज, मच्छरदाणी खोचलेली, हाच त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. आईनं सत्तर वर्षं तेच केलं, कुणी न शिकवता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांची शेतं अजून गावाकडं आहेत आणि राखणीला गेलेली पोरं खाली पटकूर टाकून झोपतात.

मला तिला एवढंच सांगावंसं वाटलं, की तू झोप म्हणालीस म्हणून तो गेला नाही. सांगितलंही. ती म्हणाली, "ते मला म्हातारपणी कळलं. आधी नव्हतं कळत." मग पेटीकडं बघून म्हणाली, "ते बी उबेलाच आलं होतं का रं?" मण्यार माणसाच्या उबेला येते असं सगळेच म्हणतात. उंदरांमागं, किंवा दुसऱ्या सापांमागं येत असेल, तेच तिचं खाणं. मी म्हणालो, माहीत नाही. थोड्या वेळानं पिशवीतलं पाणी निवलं म्हणून ती उठली आणि चुलीत शेण्या सारल्या.

वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पेटीत गार टोकाला सर्वात कमी वीस झालं होतं, पिशवीच्या टोकाला सत्तावीसच्या खाली गेलं नाही. लाडू रात्रभर पिशवीजवळच्या खोक्यात होता आणि सकाळी पाण्याच्या वाडग्याला विळखा घालून बसला. पुढच्या आठवड्यात त्यानं कात टाकली, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट एका तुकड्यात. भाच्याला फोटो पाठवला तर तो आनंदानं ओरडलाच. आईनं कात हातात घेऊन बघितली. कात घरात ठेवली तर पैसा येतो म्हणतात. तिनं ती वर्तमानपत्रात गुंडाळून भाच्यासाठी ठेवली. म्हणाली, "त्याला घर घ्यायचंय, त्यालाच लागंल."

भाचा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी येऊन लाडूला घेऊन गेला. उरलेलं कोकोपीट आईनं तुळशीला आणि कढीपत्त्याला घातलं. पेटीतलं वापरलेलं मात्र तिनं घरात ठेवू दिलं नाही, ते शेताच्या बांधावर गेलं. वाकळ सोड्यात भिजवून, धुऊन दोन दिवस उन्हात टाकली. मी म्हणालो, ती तर नुसती काचेवर होती, आत कुठं गेली होती? "असू दे की," म्हणाली. "पुन्हा कुणी आलं तर धुतलेली असावी."